बुलडोझर बाजूला ठेवून: 'सिटीज: स्कायलाइन्स' खेळून पाहिला

पहिल्या दहा मिनिटांत मी वस्तीच्या जागी कारखाने उभे केले.

चूक सवयीची. चौतीस वर्षं नगररचनेच्या कार्यालयात आरेखक म्हणून काढली. तिथे पिवळा म्हणजे घरं, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे मोकळी जागा. हात तसाच वळलेला. 'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर बांधायच्या संगणक-खेळात मात्र पिवळा उद्योगाचा आणि हिरवा राहण्याचा. मी नदीकाठी मन लावून पिवळा रंग भरला, वेळ पुढे पळवली आणि बघता बघता घरांच्या ऐवजी धुराडी उगवली. भाचा शेजारी बसून हसत सुटला. "मावशी, चौतीस वर्षं हेच करत होतीस का?"

खेळ त्यानेच दिलेला. "आयुष्यभर शहरांचे नकाशे काढलेस, आता शहर चालवून बघ," म्हणाला. संगणकावरचे खेळ मी त्याआधी पत्त्यांच्या पलीकडे खेळले नव्हते. आता चौथं शहर सुरू आहे, आणि किती तास गेले ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं म्हणून मी तिकडे बघत नाही. तेव्हा हे परीक्षण एका उशिरा आलेल्या खेळाडूचं आहे. चित्रं किती सुंदर, ध्वनी कसा, यावर मी फार बोलणार नाही. घर, काम आणि ये-जा या तीन गोष्टींची दूरवरची आखणी या खेळात कितपत उतरते, तेवढंच मला बघायचं होतं.

ओळख थोडक्यात. फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या कोलॉसल ऑर्डर या जेमतेम डझनभर माणसांच्या चमूने हा खेळ बनवला, स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने १० मार्च २०१५ ला प्रकाशित केला. दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ ला आला. तो भाच्याकडे आहे, माझा लॅपटॉप त्याला पेलणार नाही. मी लिहिते आहे ते मुख्यतः पहिल्या भागाबद्दल. खेळ मराठीत नाही, पण चिन्हं इतकी बोलकी आहेत की फारसं अडत नाही. अक्षरं मात्र बारीक आहेत, माझ्या वयाच्यांनी चष्मा जवळ ठेवावा.

सुरुवातीला सुमारे दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा रिकामा तुकडा आणि त्याला येऊन भिडलेला महामार्ग एवढंच मिळतं. तुम्ही रस्ता ओढता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोन उमटतात, त्यांत रंग भरता. चौकोन आठ मीटरचा, खोली चार चौकोनांची, म्हणजे रस्त्यापासून ३२ मीटर आतपर्यंतच बांधकाम होणार. हे मला फार आवडलं. रस्ता नसेल तर भूखंड नाही, ही गोष्ट आम्ही नव्या मुलांना कार्यालयात महिनोन्‌महिने शिकवायचो, इथे ती पहिल्या मिनिटाला हाताला कळते. खाली तीन पट्ट्या असतात: हिरवी घरांची मागणी दाखवते, निळी दुकानांची, पिवळी कामाच्या जागांची. शहर वाढलं की शेजारचे तुकडे मिळत जातात, मूळ खेळात एकूण नऊ, म्हणजे जवळपास ३६ चौरस किलोमीटर.

ही तीन रंगांची विभागणी जुनीच. १९८९ मध्ये विल राइट यांनी 'सिमसिटी' आणला तेव्हापासून शहर बांधायचे खेळ राहणे, विकणे आणि बनवणे या तीन कप्प्यांत विचार करतात. आणि खऱ्या जगात त्याहून जुनी: १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायोमधल्या युक्लिड या छोट्या गावाच्या बाजूने निकाल दिला आणि जमिनीचे असे वापर-विभाग पाडायला कायद्याचं बळ मिळालं. कारखान्याचा धूर घरात येऊ नये हा हेतू चांगलाच होता. पण कप्पे पाडले की कप्प्यांमधलं अंतर कुणीतरी रोज कापायचं असतं, आणि या खेळाची खरी करामत ते अंतर दाखवण्यात आहे.

माझं दुसरं शहर सांगते. पहिलं बुडालं. सांडपाण्याचं तोंड वरच्या अंगाला आणि पाण्याचा पंप खालच्या अंगाला ठेवला होता, सगळं गाव आजारी पडलं. त्यावर जास्त बोलायला नको. दुसऱ्या शहरात मी पुस्तकी शहाणपण वापरलं. नदीच्या पश्चिमेला घरं, पूर्वेला कारखाने, मध्ये झाडांचा पट्टा आणि जोडायला एक देखणा पूल. नकाशा असा सुबक दिसत होता की मी त्याचा फोटो काढून जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. पंधरा हजार वस्तीपर्यंत सगळे खूश. वीस हजारांना पुलावर गाड्यांची रांग लागली. पंचवीस हजारांना कचऱ्याच्या गाड्या रांगेत अडकल्या, मग रुग्णवाहिका, मग दुकानांवर "माल नाही" अशी चिन्हं लुकलुकायला लागली.

भाचा म्हणाला, "एका माणसाच्या मागे जाऊन बघ." या खेळात ही सोय आहे. रस्त्यावरच्या कुठल्याही नागरिकावर टिचकी मारली की त्याचं नाव, वय, शिक्षण, घर आणि कामाचं ठिकाण दिसतं. नाव बदलताही येतं. आम्ही एका बाईचं नाव शकूताई ठेवलं आणि तिच्या मागे लागलो. पश्चिमेच्या टोकाला बैठं घर. पूर्वेच्या टोकाला लाकडाच्या कारखान्यात काम. शकूताई घराबाहेर आली, गाडीत बसली, तीन चौक बरे गेले, आणि पुलाच्या अलीकडे थांबली. तिच्या पुढे चाळीसेक गाड्या, सगळ्या एकाच मार्गिकेत, कारण पूल उतरल्यावर सगळ्यांना उजवीकडे वळायचं होतं. बाजूच्या दोन मार्गिका मोकळ्या. आम्ही बघत राहिलो. खेळातल्या तारखेप्रमाणे तिला कामावर पोहोचायला दोन दिवस लागले. पोहोचली, आत गेली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि परत त्याच पुलाकडे निघाली.

मी तेच केलं जे सगळे करतात: दुसरा पूल बांधला. दोन दिवस बरं वाटलं. मग कळलं की दोन्ही पूल उतरून त्याच एका चौकात येतात. चौक मोठा केला, गर्दी पुढच्या चौकात सरकली. या खेळातल्या गाड्या गर्दी बघून वाट बदलत नाहीत, निघतानाच ठरवलेला रस्ता धरून बसतात. हा खेळाच्या बुद्धीचा तोकडेपणा आहे हे मान्य, पण त्यातून निघणारा धडा खोटा नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे सेवारस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिका. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. खेळात निदान रस्ता नव्या गाड्या जन्माला घालत नाही. खऱ्या शहरात तेही होतं.

शेवटी सुटका पुलाने झाली नाही. नदीच्या पश्चिमेला, घरांच्या मधोमध, मी कार्यालयांचा एक पट्टा टाकला. कार्यालयांना धूर नाही, मालट्रक नाहीत. पण कार्यालयांना शिकलेली माणसं लागतात, म्हणून शाळा, मग महाविद्यालय. वर्षभरात पुलावरची रांग निम्मी झाली. आणि मग पूर्वेच्या कारखान्यांवर नवीन चिन्ह आलं: कामगार मिळत नाहीत. सगळे शिकले, लाकूड कापायला कोणी उरेना. मी खुर्चीत मागे टेकले. कामाच्या जागा, शिक्षण आणि रस्ते या तीन वेगवेगळ्या विभागांच्या फायली आम्ही तीन वेगवेगळ्या कपाटांत ठेवत होतो, आणि इथे एका शाळेने एका पुलाची रांग कमी करून एक कारखाना बंद पाडला.

अर्थात घराजवळ काम ठेवलं की लोक तिथेच काम करतील, हा विश्वास खेळातही फार खरा ठरत नाही. स्टॉकहोमने १९५४ मध्ये वेलिंगबी हे उपनगर खुलं केलं ते याच विश्वासावर. काम, घर आणि केंद्र या तीन स्वीडिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एबीसी शहर' म्हणत. राहणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिथेच काम मिळावं अशी आखणी होती. प्रत्यक्षात बहुतेक लोक भुयारी रेल्वेने दुसरीकडेच कामाला जात राहिले. तरी वेलिंगबी फसलं नाही, कारण ती रेल्वे होती. माझ्या कार्यालयांच्या पट्ट्यातही शकूताईच्या शेजारच्या माणसाला नोकरी मिळाली नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुणाला तरी मिळाली. तरी सरासरी अंतर घटलं आणि तेवढं पुरलं.

आता माझी मुख्य तक्रार. या खेळात बुलडोझर फार स्वस्त आहे. चूक झाली की चिन्हावर टिचकी, घरांची रांग गायब, आवाज होतो आणि धूळ उडते, एवढंच. तिथली माणसं गुपचूप दुसरीकडे राहायला जातात किंवा शहर सोडतात. मोबदला नाही, सुनावणी नाही, न्यायालयाची स्थगिती नाही. जमीन कुणाचीच नाही, म्हणजे सगळी तुमची. ज्या धंद्यात आमचे दिवस हरकती ऐकण्यात, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र जुळवण्यात आणि एका विहिरीसाठी रस्त्याची आखणी तीन मीटर सरकवण्यात गेले, त्या धंद्याचा हा खेळ आहे असं म्हणायला माझी जीभ वळेना. खेळात पक्ष्याच्या तोंडून नागरिकांचे छोटे छोटे निरोप येतात, निळा चिमणासा पक्षी, पडद्याच्या वर बसलेला. वीज गेली, कचरा साचला, नवीन बाग छान आहे. "माझं घर का पाडलं?" असं तो पक्षी विचारत नाही.

म्हणून तिसऱ्या शहरापासून मी घरचा नियम केला, आणि हा खेळ ज्यांच्याकडे आहे त्यांना तो नियम लावून बघा असं आग्रहाने सांगेन. माणसं राहत असलेलं घर पाडायचं नाही. बस.

एवढ्या एका नियमाने खेळ पार बदलतो. रस्ता रुंद करायचा तर दोन्ही बाजूंची घरं जातात, कारण दुपदरी रस्ता दोन चौकोनांचा आणि सहापदरी चार चौकोनांचा. म्हणजे रुंदीकरण बाद. जे काय रुंद हवं ते पहिल्या दिवशी रुंद हवं, छोट्याशा गावात सहापदरी रस्ता टाकायचा आणि त्याच्या देखभालीचा खर्च तिजोरीतून सोसायचा. नाहीतर रस्ता अरुंद ठेवून बाजूला जागा सोडायची. कुठे, किती, कशासाठी, हे आधी ठरवायला लागतं. मी वही काढली, ट्रेसिंग पेपर काढला. भाच्याच्या मते मी तिथेच खेळ सोडून नोकरीवर परतले.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनची १८११ ची आखणी मला नेहमी आठवते. शहरात तेव्हा एक लाखसुद्धा माणसं नव्हती आणि आयुक्तांनी थेट १५५ व्या रस्त्यापर्यंत चौकटी आखून ठेवल्या. रस्त्यांच्या बाबतीत दूरदृष्टी अशी की आजही शहर त्याच चौकटीत चालतं. पण मोठी बाग ठेवायला विसरले. १८५० च्या दशकात सेंट्रल पार्कसाठी जागा घ्यायची वेळ आली तेव्हा तिथे सुमारे १,६०० माणसं राहत होती. सेनेका व्हिलेज नावाची कृष्णवर्णीय घरमालकांची वस्तीही त्यात गेली. नकाशावर जे सोडायचं राहतं ते नंतर कुणाच्या तरी घरावरून जातं.

उलट उदाहरण सिंगापूरचं. १९७१ च्या संकल्पना आराखड्यात त्यांनी नवी उपनगरं एका वर्तुळात मांडली आणि सामूहिक वाहतुकीच्या मार्गांसाठी पट्टे राखले. रेल्वे करायची की नुसत्या बस चालवायच्या यावर नंतर बरीच वर्षं वाद चालला. होकार आला १९८२ मध्ये आणि पहिली गाडी धावली ७ नोव्हेंबर १९८७ ला. निर्णय व्हायच्या आधी जागा राखलेली होती, म्हणून वादाला वेळ देता आला. (तिथे राज्याच्या हाती जमीन फार होती आणि १९६६ चा भूसंपादन कायदा कडक होता, हेही तितकंच खरं. विस्थापित तिथेही झालेच.)

तर माझ्या तिसऱ्या शहराच्या नकाशात मी उत्तर-दक्षिण एक पट्टा राखला. सहा चौकोन रुंद, म्हणजे ४८ मीटर. पुढे लोहमार्गासाठी. दोन्ही बाजूंना दाट घरं, पट्ट्यापासून लांब जाल तशी विरळ. ही कल्पना माझी नाही, ब्राझीलच्या कुरितिबाने १९७४ पासून बसच्या खास मार्गिका टाकल्या आणि उंच इमारती त्याच मार्गांच्या कडेला येऊ दिल्या, तिथून उचललेली. भाच्याला मी हरकतदार नेमलं. प्रत्येक आराखड्यावर त्याला तीन हरकती, लेखी, आणि मी लेखी उत्तर द्यायचं. पहिल्या हरकतीचा मजकूर असा होता: "पट्टा रिकामा आहे. मागणी आहे. दुकानं टाका. उत्पन्न बुडते आहे." मी उत्तर लिहिलं, "हरकत फेटाळण्यात येत आहे. पट्टा राखीव." तो म्हणाला, कारण दिलं नाहीस. मी म्हटलं, आम्ही बहुतेक वेळा देत नव्हतो.

हे लिहिताना जरा अडखळले, पण राहू दे.

पट्टा रिकामा ठेवणं सोपं नसतं हे त्या शहरात कळलं. कुणी रोखत नाही, कुणी अतिक्रमण करत नाही, तरी हात शिवशिवतो. तिजोरी आटते, पिवळी पट्टी वर जाते, आणि शहराच्या ऐन मध्यावर जोडलेली, पाणी-वीज पोचलेली जमीन नुसती गवत वाढवत पडलेली दिसते. खऱ्या शहरात आरक्षणाची जागा वीस-वीस वर्षं पडून राहते तेव्हा जमीनमालकाला काय वाटत असेल, ते मला माझ्या खोट्या शहरात पहिल्यांदा नीट जाणवलं. तेही त्याची जमीन माझी असताना.

आता खेळात जे नाही त्याबद्दल. परीक्षण म्हणून हे सांगायलाच हवं.

पार्किंग नाही. म्हणजे रस्त्याकडेला गाड्या उभ्या दिसतात, पण जागा मिळाली नाही तर नागरिक गाडी जणू खिशात घालून चालू लागतो. खेळाडूंच्या भाषेत याला 'पॉकेट कार' म्हणतात. यात हा एकटा खेळ दोषी नाही. २०१३ च्या 'सिमसिटी'च्या रचनाकारांनी उघडच सांगितलं होतं की खऱ्या वाहनतळांची मापं घेतली तेव्हा लक्षात आलं, तेवढं दाखवलं तर पडदाभर वाहनतळच दिसेल. म्हणून त्यांनी ते जमिनीखाली गेले असं मानलं. मला हा कबुलीजबाब फार आवडतो. शहराचा केवढा भाग नुसता उभ्या गाड्यांचा आहे, हे खेळ करणाऱ्यांना खेळ रटाळ होईल म्हणून लपवावं लागलं!

भाडं नाही. पहिल्या भागात घर परवडत नाही म्हणून कुणी शहर सोडत नाही. बाग केली, शाळा केली, जमिनीचं मोल वाढलं की घर आपोआप वरच्या पायरीला चढतं आणि आतली माणसं तिथेच राहतात. खऱ्या जगात बाग होते आणि राहणारी माणसं बदलतात. व्हिएन्नाने १९२३ पासून दहा-अकरा वर्षांत ६० हजारांहून जास्त महापालिकेची घरं बांधली ती या एका प्रश्नासाठी. खेळात त्या प्रश्नाला जागाच नाही. दुसऱ्या भागात "भाडं जास्त" असं चिन्ह घरांवर येतं. एकाच इमारतीत खाली दुकान वर घर असा मिश्र वापरही त्यात आहे, तो पहिल्या भागात नाही. भाच्याच्या पडद्यावर मी ते बघितलं आणि जरा हेवा वाटला.

आणि प्रदेश नाही. ही उणीव नगररचनेतल्या माणसाला सगळ्यात जास्त खुपते. पहिल्या भागात महामार्गावरून माल येतो, पर्यटक येतात, पण शेजारच्या गावात राहून तुमच्या शहरात कामाला येणारा माणूस येत नाही. तुमच्या हद्दीतच जन्म, शाळा, नोकरी आणि मरण. खऱ्या शहराची निम्मी दुखणी हद्दीबाहेरची असतात. जमीन स्वस्त आहे म्हणून घर एका स्थानिक संस्थेच्या हद्दीत, नोकरी दुसऱ्या, आणि जोडणारा रस्ता तिसऱ्याच खात्याचा. कोपनहेगनची १९४७ ची 'बोटांची योजना' आजही शिकवतात, कारण तिने पंजाच्या बोटांसारख्या लोहमार्गांवर वस्ती आणि बोटांच्या मधल्या बेचक्यांत हिरवळ असं मांडताना शहराच्या हद्दीपाशी पेन्सिल थांबवली नाही. खेळात पेन्सिल तुकड्याच्या कडेला आपटते. दुसऱ्या भागात बाहेरून कामाला येणारे आहेत म्हणे, ते मला खेळून बघायचं आहे.

तांत्रिक बाबी पटकन. चाळीस हजार वस्तीच्या पुढे माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा वाजतो. बसच्या स्वतंत्र मार्गिकांचे रस्ते विस्तार-संचात येतात, त्यांच्याशिवाय बस गाड्यांच्याच रांगेत उभी राहते आणि मग बस असून नसल्यासारखी. खेळाडूंनी बनवलेली वाहतूक-नियंत्रणाची जोडणी फुकट मिळते. कुठल्या मार्गिकेतून कुठे वळायचं ते तिने ठरवता येतं, ती पहिल्या दिवशीच घ्यावी. फार अडकलेल्या गाड्या मूळ खेळात काही वेळाने नाहीशा होतात, तेव्हा "माझ्या शहरात कोंडी नाही" असं सांगणाऱ्या खेळाडूवर लगेच विश्वास ठेवू नका.

चौथं शहर मी पूर्ण शिस्तीत सुरू केलं. वहीत पन्नास हजार वस्तीपर्यंतचा आराखडा, पुन्हा ४८ मीटरचा राखीव पट्टा, घरं न पाडण्याचा नियम, हरकतदार भाचा. एका हिवाळी सुट्टीत मी घाईघाईत एकाच वेळी मोठी वस्ती उघडली, सातेक हजार माणसं एका झटक्यात राहायला आली. सगळी तरुण, सगळी एका वयाची. खेळात माणसाचं आयुष्य मोजक्याच वर्षांचं असतं. काही बैठकांनंतर ती सगळी एकदमच म्हातारी झाली आणि एकदमच जायला लागली. खेळाडू याला 'मृत्यूची लाट' म्हणतात. घराघरांवर कवटीचं चिन्ह, रस्त्यांवर शववाहिका, शाळा ओस. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून एका वयाची कुटुंबं एकदम राहायला आली आणि पुढे ती सारी बरोबरच वृद्ध झाली, शाळा बंद पडल्या. मी त्यावर एकदा टिपणसुद्धा लिहिलं होतं. कार्यालयात. इतरांसाठी.

त्या गोंधळात दफनभूमी कमी पडली. जागा हवी होती, मध्यवर्ती, रस्त्याला लागून, ताबडतोब. घरं पाडायची नव्हती. मोकळी जागा एकच होती. मी तिथे दफनभूमी ठेवली, "तात्पुरती" असं वहीत लिहिलं आणि विसरले.

गेल्या आठवड्यात वस्ती ४१ हजार झाली, लोहमार्ग टाकायचा मुहूर्त आला. रूळ उत्तरेकडून ओढत आणले, सरळ, सुंदर, एकही घर न पाडता. भाच्याला बोलावून दाखवले. आणि मग ते माझ्याच दफनभूमीपाशी येऊन थांबले. या खेळात दफनभूमी भरलेली असेल तर पाडता येत नाही, आधी रिकामी करायला लागते, शववाहिका एकेक करून विद्युतदाहिनीकडे नेतात. भाच्याने शांतपणे वही घेतली आणि हरकत क्रमांक तीन लिहिली: "राखीव पट्ट्यात नियोजन प्राधिकरणाचेच अतिक्रमण. खुलासा व्हावा."

खुलासा अजून लिहिलेला नाही. दफनभूमी रिकामी करायला लावली आहे. काल रात्री लॅपटॉप बंद केला तेव्हा ती ६२ टक्के भरलेली होती.